आयझॅकची परवानगी

मिस डिग्बी : नको ब्रेथवेटबाई, चहा नंतर. आधी तुमचा जबाब. उजेड आहे तोवर मला खाली गाडीपर्यंत पोचायचंय.

हेस्टर : जबाब काय, पळून जातोय थोडाच? चहा मात्र गार होतो. बसा. त्या खुर्चीत नको, तिथे सकाळी मांजर ओकलंय. इकडे, शेगडीजवळ. हां. तर तुम्ही कंपनीच्या?

मिस डिग्बी : कंपनीची वकील. फॉदरगिलांचं खालचं रान कंपनी विकत घेतेय. तिथे सुट्टीत राहायला येणाऱ्यांसाठी लाकडी घरं होतील. गावातून एकच हरकत आलीय. तुमची.

हेस्टर : गाव राहिलंय कुठे आता? अर्धी घरं शहरवाल्यांची. ऑगस्टात येतात, मेंढ्यांचे फोटो काढतात, जातात. ते कशाला हरकत घेतील? घ्या, आल्याचा केक घ्या. कडक आहे, चहात बुडवून खा.

मिस डिग्बी : आभारी आहे. तर तुमचं म्हणणं असं, की इथल्या वरच्या वस्तीपासून खाली चर्चपर्यंत, त्या रानाच्या बरोबर मधून, लोकांच्या हक्काची पायवाट जाते.

हेस्टर : म्हणणं कसलं? जातेच. तुम्ही आत्ता कुठून आलात?

मिस डिग्बी : मी... गाडी चर्चपाशी लावली आणि तिथूनच वर आले. पाहायची होती ना.

हेस्टर : म्हणजे नसलेल्या वाटेनं चालत आलात. कमाल आहे बाई तुमची.

मिस डिग्बी : पायाखाली वाट असणं वेगळं, कायद्यानं असणं वेगळं. तुमच्या लहानपणी सरकारनं गावोगावच्या पंचायतींना विचारलं होतं, तुमच्याकडे लोक कुठून कुठून चालतात ते सांगा, आम्ही नकाशावर काढून ठेवतो. तुमच्या पंचायतीनं ओढ्याकडची वाट सांगितली, शाळेची सांगितली, पार दगडाच्या खाणीकडची सांगितली. हीच नेमकी सांगितली नाही.

हेस्टर : माझे वडील होते ना पंचायतीत.

मिस डिग्बी : मग ते विसरले का?

हेस्टर : विसरताहेत कशाला! लोक कुठून चालतात विचारलं, ते त्यांनी सांगितलं. ही शवपेटीची वाट. ही मुळात मेलेल्यांची. वर आमच्याकडे चर्च नाही, दफनभूमी नाही. कुणी गेलं की पेटी खांद्यावर घ्यायची, मधे विसाव्याच्या दगडावर टेकवायची आणि खाली नेऊन माती द्यायची. आम्ही जिवंत माणसं तिच्यावरून चालतो ते आपलं मागाहून, सोय म्हणून. सरकारनं जिवंतांच्या वाटा मागितल्या, त्यात मेलेल्यांची कशी घालायची? वडलांना ते बरं दिसलं नाही.

मिस डिग्बी : बरं दिसलं नाही म्हणून एक अख्खी वाट नकाशाबाहेर राहिली?

हेस्टर : राहिली खरी. त्या वेळी कुणाला वाटलं होतं की मेलेल्यांच्या वाटेवरही कुणी डोळा ठेवील! पण आम्हालाही कायदा कळतो बरं का. जिथून एकदा प्रेत नेलं, ती वाट कायमची खुली. कुणाच्या बापाला बंद करता येत नाही.

मिस डिग्बी : असा कायदा नाही, ब्रेथवेटबाई.

हेस्टर : नाही?

मिस डिग्बी : नाही. मी हे प्रत्येक खेड्यात ऐकते. लोक पिढ्यान्‌पिढ्या तेच धरून बसलेत. पण असं कुठेही लिहिलेलं नाही, कधीच नव्हतं.

हेस्टर : अरे देवा. मग एवढी जड जड माणसं आम्ही उगीचच वाहिली म्हणायची.

मिस डिग्बी : कायदा असा आहे. वीस वर्षं लोक एखाद्या वाटेनं उघडपणे, मालकाला न विचारता चालले आणि मालकानं त्यांना अडवलं नाही, तर ती वाट लोकांची होते. नकाशावर असो वा नसो. म्हणून मला तुम्हाला एकच प्रश्न विचारायचाय. सावकाश उत्तर द्या. त्या वाटेनं जाताना तुम्ही परवानगी घेत होता का?

हेस्टर : घेत होता का? अजून घेते. न विचारता घुसायला मी काय रानडुक्कर आहे?

मिस डिग्बी : दर वेळी?

हेस्टर : दर वेळी.

मिस डिग्बी : आणि बाकीचे?

हेस्टर : ज्यांना आईबापांनी वळण लावलं ते सगळे. आता ते राहिलेत किती, ते सोडा.

मिस डिग्बी : कुणाची परवानगी?

हेस्टर : आयझॅक फॉदरगिलची. दुसऱ्या कुणाची घेणार?

मिस डिग्बी : थोरले फॉदरगिल. म्हणजे आत्ताच्या मालकांचे वडील. बरोबर?

हेस्टर : लँटीचा बाप. हो.

मिस डिग्बी : ब्रेथवेटबाई, लिहून घेण्याआधी एक सांगते, नाहीतर मला रात्री झोप लागायची नाही. हे उत्तर तुमच्या विरुद्ध जातं. मालकाला विचारून चाललात तर ती त्याची मेहेरबानी झाली. मेहेरबानीचा हक्क होत नाही. तुम्ही न विचारता चालला असतात तर गोष्ट वेगळी होती.

हेस्टर : म्हणजे उद्धटांना बक्षीस आणि सभ्यांना काठी! छान आहे हो तुमचा कायदा.

मिस डिग्बी : मी केलेला नाही. तुम्हाला उत्तर बदलायचं असेल तर...

हेस्टर : खोटं बोलू? या वयात? खोटं बोललेलं लक्षात ठेवावं लागतं पोरी. माझ्या आता चष्मा लक्षात राहत नाही. लिही. आयझॅकला विचारल्याशिवाय हेस्टर ब्रेथवेटनं त्या वाटेवर पाऊल टाकलं नाही. लिही तसंच.

मिस डिग्बी : लिहिलं. विचारायचात कसं? त्यांच्या घरी जाऊन?

हेस्टर : घरी कशाला? विसाव्याच्या दगडाशी. दगडावर बोटांनी टकटक करायची, 'येऊ का?' म्हणायचं, एक श्वास थांबायचं. बस.

मिस डिग्बी : आणि ते तिथे असायचे?

हेस्टर : असतो. कधी बसलेला, कधी उभा. पायांना आराम नाही त्याच्या. वाट बघितलीत ना तुम्ही? कशी आहे?

मिस डिग्बी : चांगली रुळलेली आहे. खरं सांगायचं तर मला त्याचंच नवल वाटलं. गवताचं पातं नाही तिच्यावर. रोज शे-दोनशे माणसं चालत असावीत अशी.

हेस्टर : मी आठवड्यातून एकदा जाते, तेही गुडघे बरे असले तर. पोस्टमन सडकेनं येतो. मेंढ्या तिच्यावर पाय ठेवत नाहीत, उडी मारून जातात. मग वाट रुळते कशी, सांगा बघू.

मिस डिग्बी : ते... मला कसं सांगता येईल? थोरल्या फॉदरगिलांनी कधी नाही म्हटलं का?

हेस्टर : दोनदा. नाही म्हणायचं असलं की दगड उलट वाजतो.

मिस डिग्बी : उलट म्हणजे?

हेस्टर : आपण टकटक करावी, आणि श्वास सोडायच्या आत दगडाच्या आतून कुणीतरी तशीच टकटक करावी. अगदी आपल्या बोटांखाली. तसं झालं की मागे फिरायचं. काही विचारायचं नाही.

मिस डिग्बी : मग त्या दोन वेळा काय झालं?

हेस्टर : काहीच झालं नाही. मी गेले कुठे?

मिस डिग्बी : ब्रेथवेटबाई, तुम्ही मघापासून 'असतो' म्हणताय. थोरले फॉदरगिल वारले ना? मालकी लँटी फॉदरगिलांच्या नावावर आहे.

हेस्टर : वारलाच की. मीच त्याला आंघोळ घातली, मीच शर्ट चढवला. तीस वर्षं होत आली.

मिस डिग्बी : मग तुम्ही त्यांना विचारत होता ते कधी?

हेस्टर : खाली नेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

मिस डिग्बी : आणि त्याआधी? ते जिवंत होते, रान त्यांच्या मालकीचं होतं, तेव्हा?

हेस्टर : जिवंत असताना त्याला कोण विचारतं? तेव्हा वाटेवर डोरोथी अ‍ॅस्क्यू होती. तिला विचारायचो. आयझॅक स्वतः कुणाला विचारायचा नाही हो, फार तोऱ्याचा माणूस. 'मेलेली बाई माझ्या रानात मला काय रजा देणार?' म्हणून हसायचा. आणि बघा, तोच...

मिस डिग्बी : थांबा. जरा थांबा. दार वाजलं का?

हेस्टर : लँटी असेल. आत ये रे! बूट बाहेर काढ, लादी पुसलीय.

लँटी : मिस डिग्बी इथेच ना? गाडी खाली उभी दिसली. धुकं उतरलंय म्हणून आलो. खाली सोडतो तुम्हाला.

मिस डिग्बी : बरं झालं आलात, मिस्टर फॉदरगिल. मला काही गोष्टी तुमच्याकडूनच समजून घ्यायच्यात.

लँटी : आधी माझं ऐका. मोजणीवाल्यांच्या खुंट्या परत उपटल्यात.

मिस डिग्बी : परत? परवाच तर ठोकल्या.

लँटी : सगळ्या नाहीत. वाटेवरच्या तेवढ्या. जुडी बांधून दगडावर ठेवल्यात, विसाव्याच्या. गेल्या वेळेसारख्याच.

मिस डिग्बी : ब्रेथवेटबाई, हे जर तुम्ही किंवा तुमच्या सांगण्यावरून कुणी...

हेस्टर : हे हात बघा माझे. बोटं बघा. जॅमच्या बाटलीचं झाकण उघडायला मला शेजारीण लागते. खुंट्या उपटतेय मी!

लँटी : तिनं नाही केलं. गाठ बघितली मी.

मिस डिग्बी : कसली गाठ?

लँटी : जुडीची. माझा बाप डावखुरा. कोकराचे पाय बांधायला एक गाठ घालायचा. ओढली की घट्ट, ढकलली की सुटते. मला शिकवायला बसला होता, मला काही जमली नाही. तसली गाठ दुसऱ्या कुणाला येत नाही या खोऱ्यात.

मिस डिग्बी : कुणीतरी शिकलं असेल.

लँटी : असेल.

मिस डिग्बी : तुमचा या सगळ्यावर विश्वास आहे, मिस्टर फॉदरगिल? तुम्ही कंपनीशी इतके व्यवहारी बोलता. मला वाटलं होतं...

लँटी : विश्वासाचं काय? तुम्ही येताना वाटेनं आलात?

मिस डिग्बी : हो.

लँटी : विचारलं होतंत?

मिस डिग्बी : कुणाला? तिथे चिटपाखरू नव्हतं.

लँटी : मग आलात कशा, ठीक?

मिस डिग्बी : ठीकच. एवढंच की... नकाशात गडगा एकच दाखवलाय. दगडी गडगा, त्यात चढून जायच्या पायऱ्या. मी तो ओलांडला. पायरीचा एक दगड तुटका होता, तिथे माझा मोजा अडकून फाटला. पुढे बरीच चालले. आणि समोर पुन्हा गडगा. तोच तुटका दगड. त्यावर माझ्या मोज्याचा दोरा. धुक्यात दिशा चुकते माणसाची. मी गोल फिरले असेन.

हेस्टर : धुकं आत्ता उतरलं बाई. तुम्ही आलात तेव्हा लख्ख ऊन होतं.

मिस डिग्बी : ...हो. ऊन होतं.

हेस्टर : चहा घ्या तो. गरम आहे अजून. कुणी तुम्हाला काही करत नाही. आयझॅक अंगावर धावणारा नाही. त्याला फक्त न विचारलेलं खपत नाही, एवढंच. जिवंतपणी स्वतः कुणाला विचारलं नाही ना, आता कसर भरून काढतोय.

मिस डिग्बी : आपण जबाबाकडे वळू या का? कृपा करून. मिस्टर फॉदरगिल, ब्रेथवेटबाई म्हणतात, गेली तीस वर्षं त्या परवानगी घेऊनच चालतात. पण ज्यांची घेतात ते मालक नव्हते. म्हणजे... ते वारलेले होते.

लँटी : मग?

मिस डिग्बी : वारलेल्या माणसाची परवानगी कायद्यात धरत नाहीत. मालक तुम्ही. त्यांनी तुम्हाला कधी विचारलं?

लँटी : मला कोण विचारतं? कुणीच नाही. मीही कधी कुणाला अडवलं नाही.

मिस डिग्बी : अरे देवा.

लँटी : काय झालं?

मिस डिग्बी : तुम्ही आत्ता जे बोललात ना, ते वाक्य सोमवारी चौकशी अधिकाऱ्यासमोर बोललात तर व्यवहार संपला. तीस वर्षं, उघडपणे, मालकाला न विचारता, मालकानं न अडवता. मी मघाशी ब्रेथवेटबाईंना कायदा सांगितला तो शब्दशः हाच. वाट लोकांची ठरेल. आणि ती घरांच्या मधल्या रांगेतून जाते. कंपनी वाट वळवून मागण्यात वर्षं घालवणार नाही. दुसरं खोरं बघेल.

हेस्टर : म्हणजे मी जिंकले की काय?

मिस डिग्बी : अजून नाही. मिस्टर फॉदरगिल काय सांगतात त्यावर आहे. तुमचा एकटीचा जबाब, त्यात तो दगड, ती टकटक... अधिकारी काय म्हणेल ते मी सांगायला नको. मालकाच्या तोंडून आलं तरच त्याला वजन.

लँटी : आणि मी म्हटलं की परवानगी मी देत होतो, तर?

मिस डिग्बी : तर वाट बंद होईल. त्या मजकुराचा कागद कंपनीनं तुम्हाला आधीच दिलाय. मी तुम्हाला खोटं बोला असं सांगू शकत नाही. मी जे ऐकलं ते ऐकलं नाही असंही म्हणू शकत नाही. मला आता निघायला हवं.

लँटी : चला, सोडतो.

मिस डिग्बी : नको. तुम्ही बसा. तुमचं बोलणं व्हायचं दिसतंय. मी जाईन. फक्त... वाटेनं जावं की सडकेनं?

हेस्टर : सडकेनं जा पोरी. लांब आहे, पण एकदाच चालावी लागते.

(मिस डिग्बी कोट चढवून जाते. तिच्या बुटांचा आवाज सडकेला लागतो.)

लँटी : चांगली आहे पोरगी.

हेस्टर : चांगलीच आहे. केक खाल्लान नाही, पण चांगली आहे. तू खा.

लँटी : नको.

हेस्टर : लोक म्हणतात, लँटी पैशाला भुलला.

लँटी : म्हणू देत.

हेस्टर : मी नाही म्हणत. तुला पैशाचं काय करायचंय? अजून बापाचाच कोट घालतोस. मग विकतोस कशाला रे? मला तरी सांग.

लँटी : रोज सकाळी मेंढ्या सोडायला जातो ना मी. तो असतो.

हेस्टर : माहीत आहे.

लँटी : तुझ्याशी बोलतो तो. तुला हो म्हणतो, नाही म्हणतो. मला पाठच दिसते, मावशी. पाऊस असो, बर्फ असो, दगडाशी उभा, पाठ माझ्याकडे. मी या बाजूनं गेलो तरी पाठ. त्या बाजूनं गेलो तरी पाठ. तीस वर्षं मी बापाचं तोंड बघितलं नाही.

हेस्टर : तू विचारलंस कधी?

लँटी : माझ्याच रानात जायला मी रजा मागू?

हेस्टर : बोलला! अगदी आयझॅक बोलला. तोच तोरा.

लँटी : थट्टा नको करूस. तो दमलाय. खांदे बघ त्याचे, खाली आलेत. जन्मभर राबला, कंबर मोडेस्तोवर, आणि मेल्यावरही उभा. मला बघवत नाही. मला वाटलं, रान विकावं. डांबर पडेल, दिवे लागतील, पोरं सायकली फिरवतील. वाटच राहिली नाही तर तो राखण कशाची करणार? सुटेल.

हेस्टर : आणि जाईल कुठे?

लँटी : जिथे जातात तिथे.

हेस्टर : अरे वेड्या, जिथे जातात तिथे जायची वाट हीच आहे. तू तीच बुजवायला निघालास. घरं उभी राहतील आणि तो त्यांच्यातून चालत राहील. कुणाच्या स्वयंपाकघरातून, कुणाच्या पाळण्याजवळून. टकटक करत. शहरातली बाई बिचारी दचकून उठेल, नि तो तिच्या उशाशी उभा. पाठ करून.

लँटी : गप ना.

हेस्टर : तो सुटायचा मार्ग तुलाही माहीत आहे, मलाही. पुढचं माणूस वाटेनं खाली गेलं पाहिजे. खांद्यावरून. आयझॅक गेला तेव्हा डोरोथी सुटली. डोरोथी गेली तेव्हा तिचा दीर सुटला. असंच चालत आलंय.

लँटी : तो अडकला ते सडकेवरच्या त्या पुलामुळे. पूर येऊन पूल गेला म्हणून वाटेनं न्यावा लागला. नाहीतर सगळ्यांसारखा गाडीतून गेला असता. त्याच्यामागून एकही माणूस खांद्यावरून गेलं नाही. पूल परत झाला, त्या चकचकीत काळ्या गाड्या परत सुरू झाल्या, संपलं.

हेस्टर : मी पाद्र्याला सांगून ठेवलंय.

लँटी : काय?

हेस्टर : मला गाडी नको म्हणून. मला वाटेनं न्यायचं.

लँटी : त्याला अजून वेळ आहे.

हेस्टर : नाही रे. डॉक्टर म्हणतो, वसंतातली नवीन कोकरं बघाल असं वाटत नाही. पोटात आहे ते पसरलंय.

लँटी : केव्हा कळलं?

हेस्टर : गवत कापणी चालली होती तेव्हा.

लँटी : आणि मला सांगितलं नाहीस.

हेस्टर : तू विचारलंस का? तुम्हा फॉदरगिलांना काही विचारायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते. तब्येत विचारायची तरी मान वाकवल्यासारखं वाटतं तुम्हाला.

लँटी : मावशी...

हेस्टर : रडू नकोस. मला रडणारा पुरुष बघितला की हसू येतं, आणि हसले की दुखतं. ऐक. मी ती हरकत कशाला घेतली असं वाटलं तुला? मला काय वाटेवरून सहलीला जायचंय? मला एकदाच जायचंय. तेवढ्यापुरती ती उघडी राहू दे.

लँटी : तू बाबासाठी करतेस हे?

हेस्टर : त्याच्यासाठी म्हण, नाहीतर रीत म्हण. कुणाला तरी उभं ठेवून आपण गाडीत बसून निघून जायचं, हे मला जमणार नाही. दर आठवड्याला 'येऊ का?' म्हणते मी त्याला. एकदा यायला नको?

लँटी : तो काय म्हणतो? माझ्याबद्दल काही म्हणतो?

हेस्टर : तो बोलत नाही लँटी. हो किंवा नाही, एवढंच. गप्पा मारायला तो जिवंतपणी तरी कुठे यायचा?

लँटी : सोमवारी सांगतो मी.

हेस्टर : काय सांगतोस?

लँटी : खरं तेच. मला कुणी विचारलं नाही, मी कुणाला अडवलं नाही. कंपनीचा कागद शेगडीत घालतो.

हेस्टर : मी तुला तसं कर म्हटलेलं नाही हं. तुझं रान आहे.

लँटी : माझं रान आहे, म्हणूनच.

हेस्टर : बरं.

लँटी : पुढचा खांदा मी देईन. उजवा.

हेस्टर : तुझा उजवा दुखतो ना?

लँटी : डावा देईन. बाकीचे तीन कुठून आणायचे? माणसंच नाहीत गावात.

हेस्टर : त्या ऑगस्टवाल्यांना बोलव. एवढाले कॅमेरे गळ्यात घेऊन डोंगर चढतात, मी काही कॅमेऱ्यापेक्षा फार जड असणार नाही तोवर. मात्र त्यांना आधी सांगून ठेव. मागे वळून बघायचं नाही, आणि विसाव्याच्या दगडाखेरीज कुठे टेकवायचं नाही.

लँटी : सांगतो.

हेस्टर : आणि दगडावर टेकवलंत की टकटक तू करायची. तू. पाद्र्यानं नाही. तिथे तुला रजा मागावी लागेल.

लँटी : तो वळेल?

हेस्टर : मला काय ठाऊक? मी पेटीत असेन.

लँटी : ...तू हसतेस. आणि मग? मग तू उभी राहणार तिथे.

हेस्टर : बसेन. मी काही आयझॅकसारखी येरझाऱ्या घालणार नाही. दगड चांगला रुंद आहे. वाऱ्याच्या आडोशालाही आहे.

लँटी : एकटी.

हेस्टर : मेंढ्या आहेत की.

लँटी : थट्टा सोड. आता कुणी वाटेनं जात नाही. सगळे गाडीनं जातात, सगळे शहरात जळायला जातात. बाबाच्या मागून यायला तीस वर्षांनी तू निघालीस. तुझ्यामागून कोण येणार, मावशी?

हेस्टर : त्याचा विचार मी केलेला नाही.

लँटी : केलायस.

हेस्टर : केलाय. पण ते मी कुणाला मागणार नाही. असलं मागायचं नसतं.

लँटी : मी माझ्या लेकीला सांगून ठेवतो. मलाही गाडी नको म्हणून.

हेस्टर : लँटी, उगाच बोलून बसू नकोस. हा शब्द मोडता येत नाही.

लँटी : सांगितलं ना. वाट असेल. मी येईन.

हेस्टर : बरं. पण मला काही घाई नाही रे. तू आपला सावकाश ये.